माशाचे पोटभाडेकरू

उलव्याच्या मासळीबाजारात आईबरोबर गेला असाल तर हे तुम्ही पाहिलेच असेल. कोळीण बोईटाचा कल्ला बोटाने उचलून दाखवते. कल्ला लाल असला की मासा ताजा, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते. पण कधी कधी त्या लाल पिसाऱ्यात खसखशीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. गिऱ्हाईक नाक मुरडते, ‘किडका आहे’ म्हणते आणि पुढच्या पाटीकडे वळते. तो मासा मग बाजूला पडतो आणि बाजार उठताना पडेल त्या भावाने जातो.

कोळीण म्हणते, ‘शिजवल्यावर काय होत नाय त्यानं.’ तिचे बरोबर आहे. पण तो ठिपका म्हणजे नेमके काय, हे तिला कोणी सांगितलेले नाही, गिऱ्हाइकालाही नाही, आणि नववी-दहावीत जीवशास्त्र शिकणाऱ्या तुम्हालाही बहुधा नाही. माझी तक्रार आहे ती या शेवटच्या गोष्टीबद्दल. बाजार शाळेपासून दहा मिनिटांवर असतो, शाळेत सूक्ष्मदर्शक असतो, आणि तरीही तो ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली कधी जात नाही. तो जावा, आणि नुसता पाहून न थांबता मोजला जावा, त्याची नोंद राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी शिकवतो पदार्थविज्ञान. जंतांवर लिहिणारा हा कोण, असे प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी विचारले तर तो त्यांचा हक्कच आहे. पण सूक्ष्मदर्शक हे आमच्या खात्यातले यंत्र, आणि माशांच्या परोपजीवींच्या अभ्यासात जे घोटाळे झाले आहेत त्यांतले बरेचसे मोजमापाचे आणि घाईने नाव ठेवण्याचे आहेत. म्हणून ही लुडबूड.

आधी दोन शब्द पक्के करू. जो दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच जिवावर जगतो तो परोपजीवी, आणि ज्याच्या जिवावर जगतो तो पोशिंदा. आपल्याकडे पोटभाडेकरू हा शब्द आहे. माशाच्या बाबतीत तो अगदी शब्दशः खरा ठरतो. फरक इतकाच, की हा भाडेकरू भाडे कधीच देत नाही.

आता तो पांढरा ठिपका. सुईने अलगद सोडवून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर आच्छादनकाच ठेवून हलकेच दाबा. ठिपका फुटतो. कधी त्यातून एखादी गुंडाळलेली अळी बाहेर येते, कधी नुसताच चिकट स्राव. पण बोईटाच्या बाबतीत पुष्कळदा असे होते, की फुटलेल्या ठिपक्यातून हजारो चिमुकल्या ‘बिया’ पसरतात. दहापटीच्या वस्तुभिंगातून त्या धुळीसारख्या दिसतात. पंचेचाळीसपटीचे भिंग फिरवून आणा आणि खालची झडप थोडी बंद करा. पारदर्शक वस्तू झगझगीत उजेडात दिसत नाही. उजेड कमी केला की तिच्या कडा उठून दिसतात. आता प्रत्येक बी एका बंद शिंपल्यासारखी दिसेल. दोन झडपा मधोमध शिवणीने जोडलेल्या. एका टोकाला शेजारीशेजारी नासपतीच्या आकाराच्या दोन कुप्या, जणू दोन डोळेच. मागच्या बाजूला जिवंत द्रव्याचा गोळा. हा मिक्सोबोलस. बी म्हणजे त्याचा बीजाणू.

काचेच्या कडेला आयोडीनच्या द्रावणाचा थेंब सोडलात, तर मागच्या गोळ्यातला एक ठिपका तपकिरी होतो. तिथे ग्लायकोजन साठवलेले असते. बटाट्यावर आयोडीन टाकून स्टार्च ओळखता, त्याचाच हा चुलतभाऊ.

या बीजाणूची लांबी किती? येथे माझा विषय येतो. महागडी मोजपट्टी नसली तरी चालते. प्लॅस्टिकची साधी फूटपट्टी दहापटीच्या भिंगाखाली ठेवा आणि वर्तुळात किती मिलिमीटर मावतात ते पाहा. नेहमीच्या शालेय यंत्रात सुमारे १.८ मिलिमीटर दिसतील. पंचेचाळीसपटीला तेच वर्तुळ साडेचारपट लहान होते, म्हणजे ०.४ मिलिमीटर, म्हणजेच ४०० मायक्रॉन. आता या वर्तुळाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत किती बीजाणू ओळीने बसतील याचा अंदाज घ्या. चाळीस बसत असतील तर बीजाणू १० मायक्रॉनचा. आपला केस याच्या सहा-सातपट जाड असतो. हे सर्व तीन मिनिटांचे काम आहे. पण ते केले की ‘काहीतरी बारीक’ या शब्दांऐवजी तुमच्या वहीत एक आकडा येतो.

याहून बारीक किती पाहता येईल, याला मात्र निसर्गाने कुंपण घातले आहे. एर्न्स्ट आबे या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १८७३ साली ते दाखवून दिले. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसत नाहीत. उत्तम यंत्राला ही सीमा सुमारे ०.२ मायक्रॉन, शाळेतल्या यंत्राला सुमारे ०.४. त्या दोन कुप्यांत घड्याळाच्या कमानीसारखा गुंडाळलेला एक धागा असतो. तो तुम्हाला दिसला-न-दिसलासा वाटेल. दोष डोळ्यांचा नाही; तुम्ही आबेच्या कुंपणापाशी उभे आहात.

तो धागा कशासाठी? बीजाणू योग्य ठिकाणी पोहोचला की कुपी फुटते आणि धागा झटक्यात बाहेर येऊन रुततो. प्रयोगशाळेत पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने किंवा युरियाच्या संपृक्त द्रावणाने तो बाहेर काढून दाखवता येतो. पहिले रसायन दाहक आहे, तेव्हा ते काम शिक्षकांनीच करावे. समुद्रात पोहताना जेलीफिशचा चटका बसतो, तो अशाच कुप्यांतल्या अशाच धाग्यांमुळे. गोड्या पाण्यातल्या हायड्राच्या कुपीत फुटण्यापूर्वी सुमारे १५० वातावरणांइतका दाब असतो असे मोजले गेले आहे. स्कूटरच्या चाकात हवा भरतो तो दोन-अडीच वातावरणांचा. मिक्सोबोलसला पूर्वी एकपेशीय जिवांत बसवले होते. या कुपीवरूनच काहींना १९३८ पासून शंका होती, की हा जेलीफिशचा नातेवाईक असावा. १९९० च्या दशकापासून जनुकांच्या अभ्यासाने ती शंका खरी ठरली. जेलीफिशच्या कुळात जन्मून शरीर इतके आखडून घेतले की दहा मायक्रॉनच्या बीजाणूत मावावे! या कुटुंबातल्या, सामन माशात राहणाऱ्या एका जातीला तर पेशीतल्या मायटोकाँड्रियाचे जनुकद्रव्यही उरलेले नाही; प्राणवायूवाचून जगणारा हा प्राणी २०२० साली जगापुढे आला.

इथपर्यंत झाली रचना. पण नुसती रचना पाहून निष्कर्ष काढला तर काय होते, याची एक मजेदार गोष्ट याच मिक्सोबोलसच्या भाऊबंदांत घडली आहे.

ट्राउट माशांना भोवरा रोग होतो. पिल्ले गिरक्या घेत पोहतात आणि मरतात, कारण मिक्सोबोलसची एक जात त्यांच्या कूर्चा खाऊन टाकते. हा रोग १९०३ पासून ठाऊक होता. बीजाणूही ठाऊक होते. पण आजारी माशाचे बीजाणू निरोगी माशाला खायला घातले तरी त्याला रोग होत नसे! ते बीजाणू तळ्याच्या चिखलात काही महिने पडून राहिले तरच रोग होई. मग समजूत अशी झाली, की लोणच्यासारखा बीजाणूही मुरावा लागतो. चिखल नेमके काय करतो, हे कोणाला कळेना.

दुसरीकडे, चिखलातल्या गांडुळवर्गीय कृमींत तीन लांब हात पसरलेला, पाण्यात तरंगणारा एक सुंदर परोपजीवी सापडत असे. त्याला वेगळे नाव, वेगळा वर्ग, पुस्तकात वेगळे प्रकरण. ऐंशीहून अधिक वर्षे ही दोन प्रकरणे शेजारीशेजारी सुखाने नांदली. १९८४ साली केन वुल्फ आणि मारिया मार्किव्ह या अमेरिकन संशोधकांनी दाखवले, की हे दोघे एकच आहेत. माशातला बीजाणू चिखलातला कृमी गिळतो. त्याच्या आतड्यात त्याचे रूप पालटते आणि तो तीन हातांचा होऊन पाण्यात येतो. तो माशाच्या कातडीला चिकटला की आत शिरतो. चिखल काही मुरवत नव्हता. चिखलात ट्युबिफेक्स होता. होय, शोभेच्या माशांना खाऊ म्हणून दुकानात मिळतात तेच लाल कृमी.

शंभर वेळा सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली, उत्तम रेखाटलेली दोन चित्रे एकाच प्राण्याच्या दोन अवस्था निघाल्या. सुरवंट आणि फुलपाखरू यांना दोन प्राणी समजण्यासारखेच हे झाले. फक्त सुरवंट आपल्या डोळ्यांसमोर कोश विणतो आणि हा चिखलात, दुसऱ्याच्या आतड्यात विणतो. म्हणून मी म्हणतो, की परोपजीवी म्हणजे काचपट्टीवरचे एक चित्र नव्हे. तो एक प्रवास आहे, आणि प्रवासाला गाव लागते. ते गाव कोणते, चिखलात कोण आहे, वर आकाशात कोण आहे, हे विचारल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही.

वाढीच्या अवस्था स्वतः पाहायच्या असतील तर शाळेतली माशांची काचपेटीच घ्या. तिच्यातल्या गप्पींच्या अंगावर कधीतरी रव्याचे कण शिंपडल्यासारखे डाग येतात. हा इक्थिओफ्थिरियस. एकपेशीय, पण पुरा वाढला की जवळजवळ एक मिलिमीटरचा, अंगभर केस हलवत सावकाश फिरणारा. पोटात घोड्याच्या नालासारखे केंद्रक. माशाच्या कातडीखाली तो खातो, वाढतो, मग गळून तळाशी बसतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत दुभंगत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार असे शेकडो होतात. ती पिल्ले बाहेर पडून मासा शोधू लागतात. २५ अंश तापमानाला सगळा फेरा साधारण आठवड्यात पुरा होतो, थंड पाण्यात कितीतरी जास्त दिवस लागतात. औषध लागू पडते ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना; कातडीखालचे आणि कवचातले सुरक्षित राहतात. दुकानदार ‘औषध पुन्हा पुन्हा घाला’ म्हणतो त्याचे कारण हे. ज्याने वाढीचा क्रम पाहिला आहे तो औषध कोणत्या दिवशी घालायचे हे आपले आपण ठरवील. ज्याने पाहिला नाही तो एकदाच घालून औषधाला नावे ठेवील.

आता आपल्या खाडीकडे वळू. इथे मला गाव आणि आकाश या दोन्हींबद्दल बोलायचे आहे.

पनवेलच्या खाडीत ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो. त्यावर लांबट, टोकदार शंखांच्या गोगलगाई रेघा ओढत फिरताना दिसतात. भरतीला त्याच चिखलावर बोईट चरायला येतो, आणि काठावर बगळा आणि ढोकरी टपून असतात. गोगलगाय, मासा, पक्षी ही तीन स्थानके घेऊन प्रवास करणाऱ्या परोपजीवींचा एक मोठा गट आहे: पर्णकृमी. पक्ष्याच्या आतड्यात तो प्रौढ होतो आणि अंडी घालतो. विष्ठेतून अंडी चिखलात येतात, गोगलगाईत जातात. तिथे एका अळीच्या अनेक होतात आणि शेपटीवाल्या अळ्या पाण्यात सुटतात. त्या माशात शिरतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती गोल कवच करून वाट पाहतात. कसली वाट? बगळ्याने मासा उचलण्याची.

काही जण वाट पाहत बसतही नाहीत. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत किलिफिश नावाचा लहानसा मासा आहे. तिथला एक पर्णकृमी त्याच्या मेंदूवर जाऊन बसतो. असा मासा पृष्ठभागाशी येऊन अंग झटकतो, कुशीवर वळून चकाकतो. लॅफर्टी आणि मॉरिस यांनी १९९६ साली मोजून दाखवले, की असे बाधित मासे पक्ष्यांच्या तोंडी पडण्याचे प्रमाण निरोगी माशांच्या दहा ते तीसपट असते. त्याच किनाऱ्यावरच्या तीन खाड्यांत परोपजीवींचे एकूण वजन काढले गेले, ते २००८ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत वरच्या भक्षकांच्या, म्हणजे पक्ष्यांच्या, एकूण वजनापेक्षा ते जास्त भरले. आपण बगळे मोजतो, पण बगळ्यांहून भारी असलेले हे बिऱ्हाड आपल्या हिशेबातच नसते.

यातली गोगलगाय किती महत्त्वाची, याचे उदाहरण आपल्याच कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शाह यांना १९५२ साली माणसांत शिस्टोसोम हा पर्णकृमी आढळला. आफ्रिकेत कोट्यवधींना ग्रासणाऱ्या जंताचा हा भाऊबंद एका कोकणी खेड्यात! तपास पुढे गेला तेव्हा तिथल्या पाण्यातली फेरिसिया ही चिमुकली गोगलगाय त्याची वाहक ठरली. पाणी सगळीकडे असते, माणसे सगळीकडे असतात. पण मधले स्थानक मिळाले नाही तर गाडी पुढे जात नाही.

तेव्हा बहुस्थानकी परोपजीवी सापडणे याचा अर्थ असा होतो, की तिथे सगळी स्थानके शाबूत आहेत. कॅलिफोर्नियात बिघडलेली एक खारजमीन पूर्ववत करण्यात आली. तिथल्या गोगलगाईंतल्या अळ्यांचे प्रमाण सुरुवातीला कमी होते. सहा वर्षांत ते शेजारच्या चांगल्या जागेइतके झाले. हे काम २००४ साली छापून आले. जंत परत आले म्हणून शास्त्रज्ञांना आनंद झाला, हे वाचायला विचित्र वाटते. पण जंत आले याचा अर्थ पक्षी आले होते.

याउलट एकाच पोशिंद्यावर भागणारे परोपजीवी असतात. कल्ला खरवडून पाहिलात तर कधी कधी बशीसारखे गोल, गरगर फिरणारे जीव दिसतील, मधोमध दातेरी चक्राची नक्षी. हा ट्रायकोडिना. इतकी सुबक नक्षी शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दुसरी क्वचितच दिसत असेल. त्याला गोगलगाय नको, बगळा नको. सांडपाण्याने पाणी घाण झाले, जीवाणू वाढले, की हे महाशय खूश. म्हणजे ‘माशात परोपजीवी आहेत का’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणते आहेत, हे विचारले पाहिजे. घाण पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यात ट्रायकोडिनाची गर्दी असेल आणि पोटात पर्णकृमी एकही नसेल, असे होऊ शकते. बाजारात मात्र त्याचा कल्ला पाहून कोणीही नाक मुरडणार नाही, कारण ट्रायकोडिना नुसत्या डोळ्यांना दिसत नाही!

उलव्याची जागा आता झपाट्याने पालटली आहे. नवी मुंबई विमानतळासाठी १,१६० हेक्टर जमीन गेली, उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचे पात्र वळवले, जुन्या उलव्यासह दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. विमानतळाला पक्षी नको असतात, आणि ते रास्तच आहे; इंजिनात पक्षी शिरला तर माणसांच्या जिवाशी गाठ. विमानतळ व्हावा की नको, हा वाद मी इथे घालत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की ज्या खाडीत चिखल, प्रवाह आणि पक्षी या तिन्ही गोष्टी एकाच दशकात बदलल्या, त्या खाडीतल्या बोईटाच्या पोटात काय आहे याची नोंद आज झाली पाहिजे. आजचा आकडा नसेल तर वीस वर्षांनी तुलना कशाशी करणार? आणि हे काम विद्यापीठांवर सोडून मोकळे होऊ नये. ते दर महिन्याला व्हायला हवे, कंटाळवाणे आहे, त्याला पैसे लागत नाहीत. अशी कामे शाळा उत्तम करतात.

यावर कोणी म्हणेल, की नावे ओळखता आल्याशिवाय मुले काय नोंदवणार? नावाचा हा आग्रह मला जरा जास्तच वाटतो. नावांच्या मागे लागून मोठ्यांचे काय झाले ते पाहा.

मराठवाडा विद्यापीठात (तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) प्राणिशास्त्राच्या मंडळींनी माशांतल्या पट्टकृमींचा पुष्कळ शोध घेतला. गोदावरीतल्या वाम माशातून जी. बी. शिंदे आणि बी. व्ही. जाधव यांनी १९८० साली सेंगा या प्रजातीतल्या एका कृमीला नदीचेच नाव दिले: सेंगा गोदावरी. प्रजाती मूळची वर्णन झाली होती १९३४ साली, फ्रान्समधल्या मत्स्यालयातल्या एका लढाऊ माशातून. आपल्या नद्यांतल्या माशांत काय आहे हे आपल्या माणसांनी पाहिले, ही मोलाची गोष्ट आहे. पण पुढे देशभर नव्या जाती जाहीर करण्याची एक लाटच आली. मागूर माशातल्या अखंड, खंड न पडलेल्या पट्टकृमींनाच भारत आणि आग्नेय आशियात मिळून सुमारे साठ नावे मिळाली. अनिर्बाण ऐश, टोमास शोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताजे नमुने गोळा करून आणि संग्रहालयांतल्या जुन्या काचपट्ट्या तपासून २०११ साली हिशेब मांडला. खऱ्या जाती उरल्या आठ.

असे का झाले? एक कारण पदार्थविज्ञानाचे आहे. समजा एक मिलिमीटर व्यासाचा गोल कृमी आहे. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. तो दोन काचांत दाबून ०.२ मिलिमीटर जाडीचा केला आणि लांबी तेवढीच राहिली, तर रुंदी होते जवळजवळ चार मिलिमीटर! कृमीच्या आतली इंद्रियेही तशीच पसरतात, एकमेकांवर सरकतात. एकाने हलके दाबले, दुसऱ्याने जोरात. एकाने जिवंत कृमी गरम फॉर्मॅलिनमध्ये टाकून क्षणात स्थिर केला, दुसऱ्याने मेलेल्या माशातून सहा तासांनी फुगलेला काढला. मग दोन मोजमापे, दोन चित्रे, दोन जाती. फरक कृमीत नव्हता, अंगठ्यात होता. त्यात एक-दोन नमुन्यांवर जात ठरवली की विचारायलाच नको. दहावीच्या वर्गातल्या एका मुलाची उंची मोजून ‘दहावीची उंची’ जाहीर करण्यासारखेच ते.

म्हणून शाळांनी नावाच्या वाटेला न जाता मोजणीच्या वाटेने जावे. ‘गोल कवचातली अळी, व्यास १८० मायक्रॉन, कल्ल्याच्या एका कमानीवर ७’ ही नोंद नावाशिवायही पूर्ण आहे, आणि ती खोटी ठरत नाही. सोबत भ्रमणध्वनीने भिंगातून काढलेले छायाचित्र आणि त्यात फूटपट्टीवरून काढलेले माप असले की नाव पुढे कोणी जाणकारही देऊ शकेल. मुंबईत वेसाव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. माशांच्या रोगांचा अभ्यास हे तिचे कामच आहे.

अडचणी सांगितल्या जातात त्या मला ठाऊक आहेत. परीक्षेत येत नाही, ही पहिली. तिला माझ्याकडे उत्तर नाही. खरोखरच येत नाही. दुसरी, विच्छेदनाला बंदी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली महाविद्यालयांतली प्राण्यांची विच्छेदने बंद केली, ते चांगलेच झाले. पण बाजारात मासा साफ करताना कल्ले आणि आतडी टोपलीत पडतातच. त्यासाठी एकही जीव घ्यावा लागत नाही. तिसरी अडचण भीतीची: मुलांना जंत होतील. मिक्सोबोलस माणसाला बाधत नाही. काही पर्णकृमी बाधतात, पण मासा कच्चा खाल्ला तर. इजिप्तमध्ये नाईलच्या मुखाशी खारवलेला कच्चा बोईट खाण्याची चाल आहे, तिथे हा त्रास होतो. आपल्याकडे बोईट तव्यावर किंवा कालवणात पुरता शिजतो, आणि शिजलेल्या माशातला जंत मेलेला असतो. हातमोजे घाला, हात साबणाने धुवा, काम झाल्यावर टाकाऊ भाग मातीत पुरा. याहून जास्त काळजी स्वयंपाकघरातही कोणी घेत नाही.

चौथी अडचण कोणी उघड सांगत नाही. एका शाळेत मी पाहिले, की चार सूक्ष्मदर्शक कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होते, कारण भिंगे फुटली तर भरपाई कोणी करायची हे ठरलेले नव्हते. भिंग वापरले तर एखादे फुटेल. कुलपात ठेवले तर त्याला बुरशी धरेल, आणि कोकणच्या पावसात ती धरतेच. तेव्हा नुकसान दोन्हीकडे सारखेच आहे. शिक्षकांनी मुख्याध्यापकांपुढे हा हिशेब जरूर मांडावा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच कोळणीकडून, दहा बोईटांचे कल्ले मागून घ्या. मागताना कशासाठी ते तिला सांगा, आणि पुढच्या वेळी काय दिसले त्याचे चित्रही दाखवा. हवे असल्यास ओहोटीला काठावरच्या वीस गोगलगाई आणून प्रत्येकीला खाडीच्या पाण्याच्या वेगळ्या पेल्यात दिव्याखाली तीन-चार तास ठेवा. शेपटीवाल्या अळ्या सुटल्या तर काळ्या कागदासमोर पेला धरल्यावर पांढऱ्या धुळीसारख्या हलताना दिसतील. पाहून झाल्यावर गोगलगाई पुन्हा त्याच चिखलात सोडा. एकट्याने चिखलात उतरू नका, विमानतळाच्या कुंपणाकडे फिरकू नका. वहीत तारीख, मासा कुठल्या बाजूच्या जाळ्यातला, त्याची लांबी, तपासलेल्या माशांची संख्या आणि बाधित माशांची संख्या, असे रकाने आखा. दहांपैकी एकातही काही सापडले नाही, तर तो रकाना कोरा सोडू नका. तिथे ० लिहा.